पुढची चाके थरथरतात तेव्हा

रस्ता सरळ आहे, वेग ७०-८०चा आहे आणि पुलाच्या जोडावर एक पुढचे चाक आदळते. एरवी असा धक्का क्षणात विरतो. इथे तो विरत नाही. दोन्ही पुढची चाके डावी-उजवीकडे फडफडू लागतात, अख्खा पुढचा अ‍ॅक्सल नाचू लागतो, स्टिअरिंग हातांना झटके देते आणि रस्ता पुन्हा सपाट झाला तरी ते थांबत नाही. वेग तीस-चाळीसपर्यंत उतरला की मगच सगळे शांत होते. जीपवाल्यांच्या जगात याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. अनुभव घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेतो, आणि तिथे बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरुवात होते. आधी बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग नवा स्टिअरिंग डॅम्पर, मग नवे टायर. पैसे जातात, थरथर काही आठवडे दबते आणि परत येते.

ही थरथर एका सुट्या भागाची नसते, ती साठलेल्या ढिलाईची असते. म्हणून भाग बदलत जाण्याआधी ढिलाई कुठे आहे ते डोळ्यांनी पाहणे आणि बोटांनी चाचपणे हाच पहिला इलाज आहे.

सुरुवातीलाच एक फरक करायला हवा. ठरावीक वेगाला हळूहळू सुरू होणारी आणि वेग बदलताच जाणारी कंपने वेगळी. ती सहसा चाकाच्या असंतुलनाची किंवा वाकड्या रिमची असतात. फक्त ब्रेक दाबल्यावर येणारी थरथर ब्रेकच्या डिस्कची किंवा ड्रमची. स्टिअरिंग स्थिर असताना सीटखालून आणि फरशीतून येणारी गुणगुण बहुधा प्रॉपेलर शाफ्टची. खरे वॉबल धक्क्याने पेटते आणि धक्का संपल्यावरही स्वतःच्या बळावर चालू राहते. ही खूण पटली तरच पुढचे सगळे लागू आहे.

दुखणे नवे नाही. १९२०च्या दशकात मोटारींना मोठे, मऊ, कमी हवेचे ‘बलून’ टायर आले आणि पुढच्या चाकांनाही ब्रेक लागले. अ‍ॅक्सलच्या टोकांना वजन वाढले, टायर लवचिक झाले आणि पुढची चाके थरथरण्याच्या तक्रारी सगळीकडून येऊ लागल्या. फ्रान्समध्ये ब्रूलिए यांनी १९२५ साली या ‘शिमी’वर अभ्यास प्रसिद्ध केला आणि बोट ठेवले ते टायरच्या आडव्या लवचिकतेवर. मोटारउद्योगाने शेवटी दुखण्याची जागाच काढून टाकली. १९३४ साली जनरल मोटर्सने मॉरिस ऑली यांच्या कामाच्या आधारे पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी शिमी हे एक होते. साध्या मोटारींपुरता प्रश्न तिथे जवळपास मिटला. दगडधोंड्यांत जाणाऱ्या गाड्यांनी मात्र अखंड अ‍ॅक्सल ठेवला. तो दणकट असतो, एक चाक दगडावर चढले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते, आणि अ‍ॅक्सलखालची जागा कमी-जास्त होत नाही. त्यासोबत जुना धोकाही राहिला.

हा धोका चालतो कसा, ते समजून घेतले तर निदान अर्धे सोपे होते. फिरत्या चाकाचा आस एका दिशेला कलवला की चाक त्याच्या काटकोनातल्या दिशेला वळू पाहते. अखंड अ‍ॅक्सलवर डावे चाक उचलले गेले की उजवेही त्याच्याबरोबर कलते, आणि दोन्ही चाके एकाच बाजूला वळायला बघतात. वळलेली चाके टायरच्या ओढीमुळे सरळ रेषेकडे परततात, पण तिथे थांबत नाहीत, पलीकडे जातात. वळण्यामुळे पुन्हा अ‍ॅक्सल कलतो, कलण्यामुळे पुन्हा चाके वळतात. झोपाळ्याला नेमक्या क्षणी दिलेला हलका हात जसा झोका वाढवत नेतो, तसा इथे प्रत्येक फेरा पुढच्या फेऱ्याला बळ देतो. ही ऊर्जा येते गाडीच्या पुढे जाण्यातूनच, आडव्या दबलेल्या टायरमार्फत. वेग उतरल्याशिवाय वॉबल थांबत नाही, ते म्हणूनच.

आकडे बघा. जिम्नीच्या १९५/८० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६९ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी २.१८ मीटर पुढे जाते. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला जेमतेम दहा वेळा फिरते. रिमच्या कडेला ५० ग्रॅमचा असमतोल असेल तर या वेगाला तो सेकंदाला दहा वेळा सुमारे चार किलोचा झटका देतो. एकटा हा झटका निरोगी गाडीला काही करत नाही. पण सांध्यांत ढिलाई असेल आणि अ‍ॅक्सलची स्वतःची डोलण्याची लय याच वेगाच्या आसपास आली असेल, तर हाच झटका ठिणगी ठरतो. ठिणगी आणि कारण यांची गल्लत होते तिथेच गॅरेजमधली निदाने फसतात. बॅलन्सिंग केल्यावर ठिणगी जाते, कारण आत तसेच राहते, आणि पुढचा खड्डा नवी ठिणगी देतो.

आपल्याकडे हा प्रश्न कोणाचा? २०२०ची थार नेणाऱ्यांचा नाही, तिला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. २०१०च्या चारचाकी-ओढीच्या थारलाही पुढे टॉर्शन बार होते. प्रश्न आहे महिंद्रच्या जुन्या जीपांचा, १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीचा, २०२३पासून इथे विकल्या जाणाऱ्या पाचदारी जिम्नीचा आणि पुण्याजवळच्या रांजणगावला २०२१पासून जुळणी होणाऱ्या जीप रँग्लरचा. या सगळ्यांना पुढे अखंड अ‍ॅक्सल आहे. ताडोबात आणि पेंचमध्ये सफारीला फिरणाऱ्या कितीतरी जिप्सी वर्षानुवर्षे कच्च्या वाटांवर हळू चालतात. तिथे सांधे झिजतात, पण वेग नसल्याने काही कळत नाही. गाडी डांबरी रस्त्याला लागून साठच्या पुढे गेली की झीज एकदम बोलते.

आता तपासणी. सगळ्यात उपयोगी चाचणीला एक मदतनीस पुरतो. गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी ठेवायची. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. मदतनिसाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे, भरभर हलवायचे. चाक पूर्ण वळवायचे नाही, भार येऊन सुटेल इतकेच. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवायचे. बोटाची एक बाजू एका भागावर, दुसरी शेजारच्या भागावर. सांधा निरोगी असेल तर दोन्ही एकत्र हलतात. ढिला असेल तर आधी एक हलतो, मग टक् करून दुसरा. डोळ्याला न दिसणारा अर्धा मिलिमीटर बोटाला कळतो. गाडी लिफ्टवर चढवून चाके लोंबकळत ठेवली की हीच ढिलाई लपते, कारण सांध्यांवर खरा भार नसतो. लिफ्टवर बघून ‘सगळे ओके’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला जमिनीवर बघायचा आग्रह जरूर धरावा.

क्रमही महत्त्वाचा. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत, म्हणजे जिम्नी आणि रँग्लरमध्ये, पहिले बोट पॅनहार्ड रॉडवर. जीपवाले त्याला ट्रॅक बार म्हणतात. एक टोक चासीला, दुसरे अ‍ॅक्सलला. अ‍ॅक्सल आडवा सरकू नये याची जबाबदारी या एकाच दांड्यावर असते. रबरी बुश फाटलेला असतो, बोल्ट सैल असतो किंवा बोल्टचे भोक लंबगोल झालेले असते. शेवटचे सगळ्यात फसवे: नवा बुश टाकला, बोल्ट आवळला तरी भोक मोठे असल्याने भार येताच बोल्ट सरकतो. अशा वेळी ब्रॅकेट वेल्ड करून नीट करावे लागते, दुसरा मार्ग नाही. २००७ ते २०१८च्या रँग्लरमध्ये हा पुढचा बोल्ट १२५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १७० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळायचा असतो. अंदाजाने पान्याला लोंबकळून तो आकडा नेमका साधत नाही, टॉर्क रेंचच लागतो. आणि रबरी बुशांचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाके लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते.

पाट्यांच्या गाडीत, म्हणजे जिप्सीत आणि जुन्या महिंद्र जीपमध्ये, पॅनहार्डचे काम पाटेच करतात. तिथे आधी शॅकलचे बुश आणि पिना, मग यू-बोल्ट, मग पाट्यांचा मधला बोल्ट बघायचा. यू-बोल्ट सैल असला की अ‍ॅक्सल पाट्यावर किंचित फिरतो, आणि स्टिअरिंगचे सांधे कितीही नवे असले तरी उपयोग होत नाही.

त्यानंतर ड्रॅग लिंक आणि टाय रॉडची टोके, स्टिअरिंग बॉक्सचा चासीवरचा बसाव, बॉक्सच्या आतला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल. चासीला बॉक्सपाशी भेग पडली आहे का हेही टॉर्च लावून बघावे. विलीजच्या वंशातल्या जुन्या महिंद्र जीपांत यात आणखी एक जागा वाढते. तिथे मधोमध एका पिनेवर फिरणारा बेलक्रँक आहे, त्याला बॉक्सकडून येणारा ड्रॅग लिंक आणि दोन्ही चाकांकडे जाणारे दोन टाय रॉड. बेलक्रँकची पिन आणि तिचे बेअरिंग झिजले की मधेच प्ले येतो. सांधे इतके आहेत की प्रत्येकात थोडी झीज धरली तरी शेवटी स्टिअरिंगवर ती भरपूर होते. जुनी महिंद्र सीजे-३बी नीट करायला घेणाऱ्याने सगळी टोके आणि बेलक्रँकचा संच एकदमच बदलावा, असे माझे मत आहे. एक-एक करत बदलले की कोणत्याने फरक पडला ते कधीच कळत नाही.

यानंतर चाक जॅकवर घ्यायचे. वर-खाली धरून हलवले आणि प्ले दिसला, तर तो हब बेअरिंगचा की किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या पिनेवर डावी-उजवीकडे वळते तिचा? मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबला की हब आणि नकल (चाकाला धरून वळणारा भाग) एकमेकांना धरले जातात. प्ले नाहीसा झाला तर तो हब बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा. इतकी सोपी खूण असताना दोन्ही बेअरिंग आंधळेपणाने बदलली जातात.

किंगपिनवर मला थांबायचे आहे, कारण जिप्सी आणि जिम्नीत खरा रोग बहुधा इथेच असतो आणि इथेच सर्वात कमी बघितले जाते. या गाड्यांत नकल वर-खाली दोन टेपर बेअरिंगवर फिरते, आणि त्यांच्यावर किती दाब असावा हे खाली-वर बसवलेल्या पातळ चकत्यांनी, म्हणजे शिमांनी, ठरते. या दाबाचे काम फक्त प्ले काढण्याचे नाही. नकल फिरताना त्याला थोडा विरोध व्हावा, म्हणजे चाकाची फडफड तिथेच घर्षणात जिरावी, यासाठीही तो दाब असतो. बेअरिंग झिजले, ग्रीसमध्ये पाणी शिरले, रोलरचे ठसे पाळ्यांवर उमटले की हा विरोध जातो. मग चाक हाताने हलवून प्ले न सापडणारी गाडीसुद्धा वॉबल करते. ‘प्ले तर काहीच नाही’ असे म्हणून मेकॅनिक पुढे जातो, आणि रोग तसाच राहतो.

मोजायची पद्धत साधी आहे. टाय रॉड सोडवायचा, नकलच्या टोकाला स्प्रिंग काटा अडकवायचा आणि ते फिरायला लागण्यासाठी किती किलोची ओढ लागते ते वाचायचे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हा आकडा दिलेला असतो, आणि ऑइल सील लावलेले असताना की काढलेले असताना मोजायचे तेही सांगितलेले असते. ओढ कमी पडली तर शिम कमी करायचे, जास्त झाली तर वाढवायचे. टोयोटाच्या जुन्या लँड क्रूझरचे नकल बेअरिंगही असेच काट्याने लावतात. भाजीवाल्याच्या स्प्रिंग काट्याइतक्या साध्या हत्यारावर हे काम होते, तरी किंगपिनची बेअरिंग बदलताना काटा लावणारी गॅरेजे मला फार थोडी दिसली आहेत. जुने शिम होते तसेच टाकून नवे बेअरिंग बसवणे हे अर्धे काम आहे. आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढणाऱ्याने या बेअरिंगचे ग्रीस पावसाळा संपताच उघडून बघावे.

ढिलाई निघाली की मग भूमिती. किंगपिनचा वरचा भाग मागे कलता ठेवलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. चाक आपोआप सरळ येते ते त्यामुळे. विलीजच्या युद्धकाळातल्या जीपला तो ३ अंश होता, आजच्या कॉइलच्या गाड्यांत बराच जास्त असतो. गाडी उंच करण्याचा शौक इथेच गोंधळ घालतो. जिप्सीत शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. त्या जागी लांब शॅकल घातला की पाटा पुढे झुकतो, अ‍ॅक्सल पुढे फिरतो आणि कॅस्टर घटतो. जिम्नीत उंच स्प्रिंग घातली की पुढचे आर्म खाली कलतात आणि अ‍ॅक्सल पुन्हा त्याच दिशेला फिरतो. उपाय आहेत: पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये निमुळती पाचर, जिम्नीत कॅस्टर सुधारणारे बुश. पण कॅस्टर वाढवत नेणे हाही उपाय नव्हे. फार कॅस्टर दिला की चाकाची सरळ यायची ओढ इतकी वाढते की ते मध्यरेषा जोरात ओलांडते, आणि थरथर वाढते. शिवाय अ‍ॅक्सल मागे फिरवला की पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. मोजून, कंपनीच्या आकड्याजवळ ठेवणे हेच बरे.

उंची वाढली की आणखी एक गोष्ट बिघडते. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समोरून पाहताना एकमेकांना समांतर हवेत. एक जास्त कलला तर प्रत्येक खड्ड्यात अ‍ॅक्सल एका वाटेने वर जातो आणि ड्रॅग लिंक चाक दुसऱ्या वाटेने ढकलतो. मग ठिणग्यांना तोटा नाही. गाडीच्या मूळ रचनेत केलेले बदल नोंदणीच्या दृष्टीने चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वॉबलपुरता माझा अनुभव सांगतो की सर्वात हट्टी गाड्या उंच केलेल्या असतात.

टो-इन, टायरची हवा, टायरवरची असमान झीज यांबद्दल फार लिहायला नको. चाके पुढून किंचित आत वळलेली (टो-इन) हवीत, दोन्ही टायरमध्ये हवा सारखी हवी, आणि झिजलेले टायर मागे-पुढे बदलून बघावेत. बदलताच फरक पडला तर ठिणगी टायरमध्ये आहे एवढे कळते. पण चिखलाचे सांगायलाच हवे. सह्याद्रीत पावसाळी वाटांवरून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला लाल माती बसते आणि दोन दिवसांत वाळून घट्ट होते. एका बाजूला २०० ग्रॅम माती म्हणजे ८०च्या वेगाला सेकंदाला दहा वेळा साधारण सोळा किलोचा झटका. सोमवारी सकाळी महामार्गावर अचानक गाडी थरथरली तर पाना उचलण्याआधी रिमची आतली बाजू पाण्याच्या जोराने धुवावी.

राहता राहिला स्टिअरिंग डॅम्पर, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहे. टाय रॉडला आडवा बसवलेला हा छोटा शॉकअ‍ॅब्सॉर्बर खड्ड्यांचे झटके मवाळ करतो. तो चांगला भाग आहे. पण ढिल्या सांध्यांची भरपाई करण्यासाठी तो बनवलेला नाही. नवा डॅम्पर लावला की वॉबल दबते, सांधे झिजतच राहतात, आणि डॅम्पर थकला की आधीपेक्षा मोठे होऊन परत येते. अमेरिकेत हा वाद जाहीरपणे झाला. २०१२ साली तिथल्या काँग्रेसचे सदस्य हेन्री वॅक्समन आणि अ‍ॅना एशू यांनी क्रायस्लरला रँग्लरच्या वॉबलबद्दल पत्र लिहिले. २०१८ला आलेल्या नव्या रँग्लरबद्दलही तक्रारी झाल्या, खटले भरले गेले, आणि २०१९मध्ये कंपनीने नव्या रचनेचा डॅम्पर ग्राहकांना बसवून देण्याची मोहीम काढली. नव्या, न झिजलेल्या गाडीत डॅम्परने काम भागते असे मानले, तरी पाच-सात वर्षे दगडांत फिरलेल्या गाडीला तोच उपाय लावणे म्हणजे धोका पुढे ढकलणे आहे.

गाडी चालू असताना वॉबल आलेच, तर ब्रेकवर उभे राहू नये. ब्रेकने भार पुढच्या चाकांवर येतो आणि थरथर वाढू शकते. अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग घट्ट पण ताठ न होता धरावे, अंगठे आतल्या दांड्यांत अडकवू नयेत, आणि वेग हळूहळू उतरू द्यावा. मागच्या गाड्यांसाठी धोक्याचे दिवे लावावेत. थांबल्यावर लगेच खाली वाकून व्हील नट आणि पॅनहार्डचे बोल्ट बघावेत, मगच घरी जावे, तेही हळू.

दुरुस्ती झाली हे ठरवायची माझी पद्धत कडक आहे. डॅम्पर काढून ठेवावा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून चाळीसपासून पाच-पाचने वेग वाढवत जावे आणि जिथे पूर्वी वॉबल पेटत होते त्याच वेगाला रस्त्याच्या त्याच उंचवट्यावरून गाडी न्यावी. डॅम्परशिवाय गाडी शांत राहिली तर दुरुस्ती झाली. मग नवा डॅम्पर लावावा, त्याचे खरे काम त्याला करू द्यावे. थोडीही फडफड दिसली तर पुन्हा जमिनीवर झोपून बोटांनी सुरुवात. आणि नवे बुश, नवे बोल्ट टाकले असतील तर चार-पाचशे किलोमीटरनंतर ते सगळे पुन्हा टॉर्क रेंचने आवळावेत, कारण नवे भाग पहिल्या काही खड्ड्यांत बसतात आणि तेवढेच सैल होतात.